अनुकंपी चेतातंतूंमधील लय: नाडी ती घडवते की नुसती वेळ ठरवते?

बडोद्यात शरीरक्रियाशास्त्रात एम.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पाठ्यपुस्तक सांगते की अनुकंपी (सिम्पथेटिक, म्हणजे हृदय आणि रक्तवाहिन्यांना आपोआप चालवणाऱ्या) चेतातंतूंतील आवेग नाडीशी जुळलेल्या झुबक्यांनी येतात, कारण प्रत्येक ठोक्याला रक्तदाबग्राही, म्हणजे धमन्यांतला दाब टिपणारे संवेदक, त्यांना क्षणभर गप्प करतात; मग या ग्राहींच्या चेता तोडल्यावरही झुबके का उरतात? मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागात, एखादे घड्याळ आहे काय? आणि विभागातले एचआरव्हीचे (हृदयगतीतील चढउतार मोजणारे) यंत्र 'एलएफ' या नावाखाली जो आकडा छापते, तो याच लयीचा असतो काय?

तिन्ही प्रश्नांचे थोडक्यात उत्तर असे: नाडी ही लय घडवीत नाही, ती तिची वेळ ठरवते. लय मस्तिष्कस्तंभातल्या चेतापेशींच्या जाळ्यात तयार होते, परंतु ते काम एका ठिकाणी बसलेल्या एका घड्याळाचे आहे असे मानायला पुरेसा आधार मिळालेला नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याची कारणे शेवटी सविस्तर देते, कारण सध्या सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होताना दिसतो.

आधी नोंद काय दाखवते ते पाहू. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे वर्गात आणि वॉर्डात आपण सगळे जिला सिम्पथेटिक म्हणतो ती, विश्रांतीतही बंद नसते. तिच्या एखाद्या चेतेवर विद्युदग्र (इलेक्ट्रोड) ठेवला तर अनेक तंतूंतील आवेग एकदम उसळतात, मग शांतता पसरते, मग पुन्हा उसळी येते. १९३२ मध्ये एड्रियन, ब्रॉंक आणि फिलिप्स यांनी मांजर आणि ससा यांच्या अनुकंपी चेतांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हाच या उसळ्या काही वेळा नाडीच्या आणि काही वेळा श्वासाच्या तालावर येतात हे त्यांनी दाखवले होते. (एड्रियन यांना शेरिंग्टन यांच्याबरोबर नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी, पण ते वेगळ्या कामासाठी.)

माणसाच्या शरीरात हे पाहण्याची सोय पुढे स्वीडनमधील उप्साला येथे हागबार्थ आणि व्हॅल्बो यांच्या तंत्रामुळे झाली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या हाडाच्या डोक्याशी पेरोनियल चेता बोटाला लागते. जागृत माणसाच्या त्या चेतेत, टोकाशी जेमतेम काही मायक्रॉन जाडीची टंगस्टनची सुई घालून ती अगदी किंचित किंचित पुढेमागे करतात आणि विवर्धित संकेत लाउडस्पीकरवर ऐकत राहतात. सुई योग्य जागी पोचली की खरखरीतून ठरावीक अंतराने फुगून विरणारा आवाज वेगळा कळू लागतो. तो स्नायूंतल्या रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या अनुकंपी तंतूंचाच आहे याची खात्री तीन गोष्टींनी करतात: श्वास रोखून धरला की झुबके वाढत गेले पाहिजेत, जवळ अचानक टाळी वाजवली तर फरक पडता कामा नये, आणि त्वचेवरून बोट फिरवले तरी काही होता कामा नये. त्वचेकडे जाणाऱ्या अनुकंपी तंतूंचे वागणे याच्या उलट असते. तेथे दचकल्याबरोबर झुबका येतो आणि नाडीचा ताल जवळजवळ आढळतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण 'सिम्पथेटिक वाढले' असे एकवचनी वाक्य आपण फार सहज बोलतो.

पेरोनियल चेतेतील झुबका ईसीजीच्या आर लहरीनंतर, म्हणजे ठोक्याची खूण असलेल्या उंच टोकानंतर, सुमारे १.३ सेकंदांनी येतो. हा उशीर मुख्यतः मेंदूतला नाही. त्यातला बराचसा वेळ सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने चालणाऱ्या सी-तंतूंतून पायापर्यंत उतरण्यात जातो. म्हणून कागदावर ज्या ठोक्याच्या खाली झुबका दिसतो, त्या ठोक्याचा तो नसतो. नवखे विद्यार्थी ही जुळणी करताना हमखास अडतात. आधी नोंद १.३ सेकंदांनी मागे सरकवून घ्यावी आणि मगच अर्थ लावायला बसावे.

आता पाठ्यपुस्तकातले स्पष्टीकरण. प्रत्येक ठोक्याला कॅरोटिड सायनस आणि महाधमनीची कमान ताणली जाते, तेथील रक्तदाबग्राही नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क-चेतांतून लंबमज्जेतल्या (मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागातल्या) न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियसकडे, म्हणजे एनटीएसकडे, आवेग पाठवतात. तेथून ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाच्या मार्गाने संदेश लंबमज्जेच्या पोटाकडील बाजूच्या खालच्या भागात, सीव्हीएलएममध्ये, पोचतो. तेथील गाबा हे दडपणारे रसायन सोडणाऱ्या चेतापेशी वरच्या भागातील आरव्हीएलएमला दाबतात. आरव्हीएलएममधील पेशींचे तंतू थेट मज्जारज्जूत उतरून छातीच्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या खंडापर्यंतच्या अनुकंपी पेशींना उत्तेजित करतात, त्यामुळे आरव्हीएलएम दबला की अनुकंपी प्रवाह थांबतो. ठोका आला की शांतता, दाब उतरू लागला की झुबका. या साखळीतला प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झालेला आहे आणि त्यात शंका घेण्याचे कारण नाही.

अडचण या स्पष्टीकरणाच्या गृहीतकात आहे. नाडीच झुबके कोरून काढते असे म्हणताना मुळातला अनुकंपी प्रवाह सपाट, ताल नसलेला आहे असे आपण न बोलता धरून चालतो. तसे असेल तर रक्तदाबग्राहींच्या चेता तोडल्यावर एकसारखी खरखर उरली पाहिजे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर नेमका हाच प्रयोग केला. चेता तोडल्यानंतर सेकंदाला २ ते ६ वेळा येणारी लय तशीच राहिली. मांजराची नाडी सेकंदाला तीनच्या आसपास असते, म्हणजे उरलेली लय नाडीच्याच पट्ट्यातली होती. गेली होती ती ईसीजीशी असलेली बांधिलकी. आता झुबका ठोक्याच्या कोणत्याही टप्प्यावर येऊ लागला होता. दुसरा पुरावा अधिक बारीक आहे आणि मला तो अधिक पटतो. ग्राही शाबूत ठेवून हृदयाचा वेग बदलला, तर ठोका आणि झुबका यांच्यातले अंतर स्थिर राहत नाही, ते सरकते. नुसत्या प्रतिक्षिप्त दडपणाने झुबके बनत असते, तर मार्गाला लागणारा वेळ ठरलेला असल्याने हे अंतरही जवळपास ठरलेलेच राहायला हवे होते. स्वतःची चाल असलेली एखादी लय बाहेरच्या तालाने ओढली जाते, तेव्हाच असे सरकणे दिसते.

नवरात्रात बडोद्याच्या मोठ्या गरब्यात हजारो टाळ्या ढोलावर पडतात. ध्वनिवर्धक मध्येच बंद पडला तर टाळ्या थांबत नाहीत. रिंगण आपल्या चालीने फिरत राहते, फक्त थोड्या वेळात ते ढोलापासून सुटते आणि आतल्या व बाहेरच्या रिंगणांतही फरक पडू लागतो. रक्तदाबग्राहींची भूमिका त्या ढोलाची आहे. उपमेत एक उणीव आहे ती सांगितली पाहिजे: ढोल टाळी मागतो, रक्तदाबग्राही मात्र दर ठोक्याला गप्प राहायला सांगतात. परंतु तालाला बांधून घेण्यासाठी उत्तेजनच लागते असे नाही, वेळेवर आलेले दडपणही तेच काम करते.

माणसात चेता कायमच्या तोडता येत नाहीत, पण बधिर करता येतात. १९८५ मध्ये स्वीडनमध्ये फागियस, वॉलिन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या मानेत स्थानिक भूल देऊन नवव्या आणि दहाव्या चेता तात्पुरत्या बंद केल्या. रक्तदाब आणि नाडी दोन्ही वाढली, स्नायूंकडे जाणारा अनुकंपी प्रवाह जोरात वाढला आणि नाडीशी असलेली त्याची जुळणी सुटली. माणसाचा मस्तिष्कस्तंभही नाडीच्या परवानगीवाचून काम करतो, एवढे यातून नक्की ठरते. निरोगी माणसात झुबका प्रत्येक ठोक्याला येतोच असे नाही. ज्या ठोक्याचा डायस्टोलिक दाब खाली गेला असेल त्यानंतर तो येण्याची शक्यता वाढते. ॲट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे ठोके अनियमित पडणाऱ्या, रुग्णात हे ठळक दिसते: दोन ठोक्यांत लांब विराम पडला, दाब घसरला की मागोमाग दणदणीत झुबका. मात्र झुबका येणार की नाही याचा डायस्टोलिक दाबाशी जितका घट्ट संबंध असतो, तितका तो किती मोठा येणार याचा नसतो. त्यावरून दोन्हींचे नियंत्रण दोन वेगळ्या जागी होत असावे असा अंदाज स्वीडिश गटानेच २००१ मध्ये मांडला. झुबक्याचा आकार म्हणजे एकाच वेळी किती तंतू सामील झाले याचे माप, आणि झुबक्यांची वारंवारता म्हणजे जाळे किती वेळा पेटले याचे माप, असा फरक ठेवला तर पुढचे पुष्कळसे वाङ्मय वाचायला सोपे जाते.

ही लय कोठे जन्मते? शोधाची सुरुवात लाइपझिगमध्ये कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत १८७० च्या दशकात झाली. तेथे ओव्स्यानिकॉव्ह आणि डिटमार यांनी प्राण्यांच्या मस्तिष्कस्तंभाला वरून खाली क्रमाने छेद देत रक्तदाब कोठे कोसळतो ते पाहिले, आणि ती जागा लंबमज्जेच्या वरच्या भागात सापडली. वरचा मेंदू वेगळा केला तरी दाब टिकतो, मानेत मज्जारज्जू तोडला तर टिकत नाही. लयीच्या बाबतीतही छेदांचे उत्तर हेच आहे: मांजरात पुढचा मेंदू काढून टाकल्यावर २ ते ६ हर्ट्झची (सेकंदाला २ ते ६ वेळा येणारी) लय चालू राहते आणि मानेत मज्जारज्जू तोडल्यावर ती नाहीशी होते. जागा आणखी नेमकी केली ती १९७४ मध्ये गुएर्ट्झेनस्टाइन आणि सिल्व्हर यांनी. लंबमज्जेच्या पोटाकडील पृष्ठभागावर एका छोट्या टापूत चेतापेशींना दाबणारे ग्लायसिन लावताच रक्तदाब मज्जारज्जू तोडल्यावर उतरतो तितका उतरला. त्या टापूच्या आत जे आहे त्यालाच आपण आज आरव्हीएलएम म्हणतो.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक विद्यार्थी या टप्प्यावर 'म्हणजे आरव्हीएलएम हेच घड्याळ' असे ठरवून मोकळे होतात. आरव्हीएलएम हा बाहेर पडण्याचा मुख्य दरवाजा आहे हे खरे, पण ज्या दरवाजातून मिरवणूक बाहेर येते तेथेच ती जमली असे सिद्ध होत नाही. बार्मन आणि गेबर यांनी लंबमज्जेतल्या एकेका पेशीचे आवेग आणि अनुकंपी चेतेतले झुबके यांची सरासरी जुळवून कोण आधी पेटते हे पाहिले. लॅटरल टेग्मेंटल फील्ड या आतल्या भागातल्या काही पेशी आरव्हीएलएममधील पेशींच्या आधी पेटतात, आणि त्यांचे तंतू मज्जारज्जूत न जाता आरव्हीएलएमकडे जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे निदान मांजरात तरी नाडीच्या पट्ट्यातली लय आरव्हीएलएमच्या एक पायरी मागून येते. सेकंदाला दहाच्या आसपास असलेली आणखी एक लय, जिचा उल्लेख ग्रीन आणि हेफ्रॉन यांनी १९६७ मध्ये केला होता, ती वेगळ्या जुळणीतून येते. तिच्यात आरव्हीएलएम, सीव्हीएलएम आणि मध्यरेषेवरचे राफे हे तिन्ही भाग गुंतलेले असतात.

एकेकटी पेशी स्वतःहून ठोके देते काय, हा निराळा प्रश्न आहे आणि त्यावर बराच वाद झाला. १९८८ मध्ये सुन, गुयेने आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या लंबमज्जेच्या पातळ कापात आरव्हीएलएममधील मज्जारज्जूकडे जाणाऱ्या काही पेशी स्वतःहून, घड्याळासारख्या नियमित आवेग देतात असे दाखवले. त्याच सुमारास असेही दिसत होते की भूल दिलेल्या उंदराच्या आरव्हीएलएममध्ये ग्लुटामेटचे ग्राही अडवले तरी रक्तदाब फारसा उतरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की 'बाहेरून काही लागतच नाही, पेशी स्वयंभू आहेत' हा निष्कर्ष मोहक वाटतो. परंतु १९९६ मध्ये लिप्स्की यांच्या गटाने जिवंत उंदरात याच पेशींच्या आत विद्युदग्र घालून पाहिले, तेव्हा त्या स्वयंचलित पेशींसारख्या वागत नव्हत्या. आवेगांच्या आधी बाहेरून आलेला उत्तेजक धक्का दिसत होता. आणि १९९७ मध्ये इतो आणि स्वेद यांनी दाखवले की आधी सीव्हीएलएम शांत केला आणि मग आरव्हीएलएममधील ग्लुटामेट अडवला, तर दाब खूप खाली जातो. ग्लुटामेट अडवण्याच्या आधीच्या प्रयोगात दाब उतरला नाही तो बाहेरचे उत्तेजन नव्हते म्हणून नव्हे, तर ग्लुटामेट अडवल्याने आरव्हीएलएमवरचे उत्तेजन आणि सीव्हीएलएममार्गे येणारे दडपण ही दोन्ही एकदम कमी होत होती म्हणून. कापात एकट्या पडलेल्या पेशीला आपला ताल असू शकतो. शरीरात मात्र ती हजारो संदेशांच्या मध्ये बसलेली असते आणि तेथे तिचा स्वतःचा ताल फारसा ऐकू येत नाही. माझे मत जाळ्याच्या बाजूचे आहे. श्वासाच्या लयीसाठी १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी प्री-बोट्झिंगर संकुल हा पेशीसमूह असलेला लंबमज्जेचा एवढासा काप वेगळा काढून त्यात श्वासाचा ताल चालू असल्याचे दाखवले. नाडीच्या पट्ट्यातल्या अनुकंपी लयीसाठी असा काप कोणी पुढे ठेवलेला नाही, आणि जोवर तो ठेवला जात नाही तोवर 'घड्याळ' हा शब्द जपून वापरावा.

गेबर-पक्षावर टीका झाली नाही असे समजू नका. मॅकॅलन आणि मॅल्पस यांनी १९९० च्या दशकात असा मुद्दा मांडला की झुबका दिसणे आणि त्यामागे एखादा दोलक, म्हणजे स्वतःची लय निर्माण करणारा घटक, असणे या दोन गोष्टी एक नाहीत. अनेक तंतू एकत्र पेटण्याची प्रवृत्ती जाळ्याच्या रचनेतूनच येऊ शकते आणि वेळ इतर संदेश ठरवू शकतात. हा इशारा योग्य आहे. तरी ग्राही तोडल्यावर उरणारी लय आणि सरकणारे अंतर यांचे उत्तर त्यातून पूर्णपणे मिळते असे मला वाटत नाही. एवढे मात्र म्हणता येते: दोलक असतील तर ते एक नव्हे, सैल बांधलेले अनेक असावेत. जॉन्सन आणि गिल्बी यांनी उंदराच्या शेपटीच्या धमनीकडे जाणाऱ्या एकेका तंतूची नोंद घेतली तेव्हा शेजारशेजारच्या तंतूंचे ताल जवळचे, पण सारखे नाहीत असेच चित्र दिसले; श्वासाच्या तालाने ते कधी एकत्र येत, कधी सुटत.

श्वासाच्या लयीबद्दल वाद कमी आहे. ट्राउबे यांनी १८६५ मध्ये आणि हेरिंग यांनी १८६९ मध्ये रक्तदाबावर श्वासाच्या तालावरच्या लाटा पाहिल्या, त्याही श्वासाचे स्नायू निकामी केलेल्या प्राण्यांत, म्हणजे छातीची हालचाल हे त्यांचे कारण असू शकत नव्हते. ज्यांनी जुन्या प्रयोगशाळांत काजळी धरलेल्या कागदावरचे, शेलॅकमध्ये बुडवून वाळवलेले कायमोग्राफचे आलेख पाहिले आहेत त्यांना या लाटा ओळखता येतील: नाडीच्या बारीक दातांची संपूर्ण ओळ सावकाश वर चढते आणि उतरते. लंबमज्जेतले श्वासाचे जाळे आरव्हीएलएमच्या अगदी शेजारी आहे आणि त्याच्याशी तंतूंनी जोडलेले आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदरांत दाखवले की प्री-बोट्झिंगर संकुलाच्या पेशीच या लाटांना चालना देतात. रुग्णांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा धागा मला येथे दिसतो. जन्मतः उच्च रक्तदाबाकडे झुकलेल्या उंदरांच्या जातीत श्वास आणि अनुकंपी प्रवाह यांची ही बांधणी लहान वयात, दाब वाढण्याच्या आधीपासूनच जास्त घट्ट असते, असे पॅटन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. ब्राझीलमध्ये झोकल आणि मशादो यांनी उंदरांना दिवसेंदिवस थोड्या थोड्या वेळाने ऑक्सिजन कमी दिला, म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाचे जे होते त्याची नक्कल केली. त्या उंदरांत उच्छ्वासाच्या शेवटी नवा झुबका उगवला आणि दाब वाढला. घोरणारा, दिवसा पेंगणारा आणि औषधांना दाद न देणारा रक्तदाबाचा रुग्ण तुमच्यासमोर येईल तेव्हा हा प्रयोग आठवावा.

इतक्या जलद लयींचा उपयोग काय, असे तुम्ही विचारले नसले तरी विचारायला हवे, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सेकंदाला एकाहून जलद बदलांमागे धावू शकत नाहीत. सेकंदाला तीन किंवा दहा झुबके आले तरी धमनीला जाणवतो तो त्यांचा एकत्रित ताण. मग ताल कशासाठी? एक उत्तर असे की एकाच वेळी आलेले आवेग विखुरलेल्या तेवढ्याच आवेगांपेक्षा गुच्छिकेतल्या (मज्जारज्जूबाहेरच्या चेतापेशींच्या पुंजक्यातल्या) पेशीला अधिक खात्रीने पेटवतात. दुसरे उत्तर बार्मन-गेबर यांच्या प्रयोगातून मिळते: दहा हर्ट्झची लय चालू असताना मध्यमस्तिष्कातील पेरिॲक्विडक्टल ग्रे हा भाग उद्दीपित केला, तर हृदयाकडे जाणाऱ्या चेतेतला प्रवाह वाढतो आणि पुढच्या पायाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या चेतेतला कमी होतो. पळ काढण्यापूर्वी शरीराला हीच वाटणी हवी असते. वेगवेगळ्या चेतांना वेगवेगळे सांगण्यासाठी अनेक दोलकांची सैल बांधणी सोयीची पडते, एका घड्याळाने ते साधले नसते.

राहिल्या संथ लाटा, ज्यांच्यापासून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे जाता येते. जिगमुंड मायर यांनी १८७६ मध्ये वर्णन केलेल्या, श्वासाहूनही संथ अशा रक्तदाबाच्या लाटा माणसात सुमारे ०.१ हर्ट्झच्या, म्हणजे दहा सेकंदांना एक, अशा असतात, सशात ०.३ आणि उंदरात ०.४ हर्ट्झच्या आसपास. काही जण याही मस्तिष्कस्तंभातल्या एखाद्या दोलकाच्या मानतात. मला दुसरे स्पष्टीकरण अधिक टिकाऊ वाटते. दाब घसरला की अनुकंपी प्रवाह वाढतो, परंतु त्याचा परिणाम धमनीवर होईपर्यंत काही सेकंद जातात. तोवर दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झालेली असते, मग ती उलट दिशेने होते, आणि फेरा चालू राहतो. प्राणी जितका लहान तितका हा उशीर कमी आणि लाट जलद, हे निरीक्षण त्याला जुळते, आणि उंदराच्या रक्तदाबग्राहींच्या चेता तोडल्यावर या लाटा जवळजवळ नाहीशा होतात. नाडीच्या पट्ट्यातली लय ग्राही तोडल्यावर उरते आणि मायर लाट उरत नाही. एकाच प्रयोगाची ही दोन विरुद्ध उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. कोणती लय मस्तिष्कस्तंभाची आणि कोणती संपूर्ण फेऱ्याची हे त्यातून सरळ वाचता येते.

एचआरव्ही यंत्राचा 'एलएफ' म्हणजे हृदयगतीतील ०.०४ ते ०.१५ हर्ट्झच्या पट्ट्यातला चढउतार. ही हद्द १९९६ च्या युरोपीय-अमेरिकी मानकाने ठरवली. त्यात मायर लाटेचा वाटा येतो, म्हणून त्याला 'सिम्पथेटिक' म्हणण्याची प्रथा पडली, आणि 'एलएफ भागिले एचएफ' (एचएफ म्हणजे त्याहून जलद, सहसा श्वासाचा पट्टा) या आकड्याला सिम्पथेटिक आणि व्हेगस (हृदय मंदावणारी दहावी चेता) यांचा तराजू मानले जाऊ लागले. मनगटावरची काही घड्याळेही आता हृदयगतीच्या चढउतारावरूनच 'स्ट्रेस' दाखवतात. यात तीन चुका एकत्र आहेत. पहिली, यंत्र मोजते ते हृदयाचा वेग, जो विश्रांतीत मुख्यतः व्हेगसच्या हातात असतो. व्हेगसचा परिणाम रोखणारे ॲट्रोपिन दिल्यावर एलएफचाही मोठा भाग जातो. दुसरी, लाटेची उंची आणि प्रवाहाची पातळी या दोन वेगळ्या राशी आहेत. हृदय निकामी होण्याच्या तीव्र आजारात (हार्ट फेल्युअर), जेथे पेरोनियल चेतेत जवळजवळ प्रत्येक ठोक्यामागे झुबका दिसतो, तेथे त्याच चेतेच्या नोंदीत ०.१ हर्ट्झची लाट जवळजवळ सापडत नाही, असे व्हॅन डे बॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. अनुकंपी प्रवाह सर्वाधिक, आणि 'अनुकंपी' म्हणवणारी लाट नाहीशी! तिसरी चूक श्वासाची आहे आणि ती आपल्याकडे रोज घडते. प्राणायामाच्या अभ्यासात माणूस मिनिटाला सहा श्वास घेतो, म्हणजे बरोबर ०.१ हर्ट्झ. श्वासाबरोबर होणारा हृदयगतीचा चढउतार, जो बहुतांशी व्हेगसचा आहे, तो एचएफमधून उठून एलएफच्या पट्ट्यात जाऊन बसतो आणि यंत्र छापते की सिम्पथेटिक अनेक पटींनी वाढले. समोर माणूस डोळे मिटून शांत बसलेला असतो.

तुमच्या प्रबंधात एचआरव्ही वापरणारच असाल तर छातीला श्वासाचा पट्टा बांधून श्वासाची नोंद त्याच कागदावर घ्या, प्रत्येक व्यक्तीचा श्वास कोणत्या हर्ट्झला पडतो ते तक्त्यात द्या, आणि एलएफला 'अनुकंपी क्रिया' असे शीर्षक देऊ नका. 'हृदयगतीचा संथ चढउतार' एवढेच लिहा. बोटावरून ठोक्यागणिक रक्तदाब मोजण्याची सोय मिळाली तर दाबातला आणि हृदयगतीतला बदल एकमेकांशी जुळवून रक्तदाबाच्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता काढता येईल, आणि फेऱ्याविषयी काही म्हणायला आधार मिळेल. मस्तिष्कस्तंभातील लयीविषयी विधान करायचे असेल तर मात्र चेतेत सुई घालण्याला पर्याय नाही.